मागून फिरली

गेल्या शनिवारी इथे काही टाकलं नाही, कारण मारेगावला गेलो होतो. ज्यांना हे गाव माहीत नाही (म्हणजे हापिसातले जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी: नागपूरहून हैदराबादच्या हायवेने खाली यायचं, करंजीला डावीकडे वळून वणीचा रस्ता धरायचा, वाटेत मारेगाव लागतं. यवतमाळ जिल्हा. काळी माती, कापूस, आणि आता बरंच सोयाबीन. जुलै महिन्यात तिथे पाऊस, लाइट आणि मोबाइलची रेंज या तिघांचं आपसात पटत नाही. त्यामुळे दोन दिवस लॅपटॉप बंद, आणि मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडमध्ये आमच्या आबाजींची, म्हणजे आजोबांची, प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती परत रस्त्यावर आणायची असं मी मनावर घेतलंय. इंजिन, बॅटरी, कागदपत्रं यांवर कधीतरी वेगळं लिहीन. आज फक्त टायर. कारण टायरवरून आमच्या घरात एक भांडण आहे, तेही माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीपासून.

तर झालं असं. जुलै १९९५. आठवडाभर उघडीप होती आणि त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. काका गाडी चालवत होते, तेव्हा चोवीसचे. शेजारी आबाजी, मागे आजी. आजीचे डोळे दाखवून वणीहून परत येत होते. पावसाला सुरुवात होऊन जेमतेम पाच-दहा मिनिटं झाली असतील. एका नाल्याच्या अलीकडे वळण होतं, तिथे गाडी गोल फिरली आणि मागच्या बाजूने खाली बाभळीत गेली. आबाजींना खरचटलं, काकांना तेवढंही नाही. आजीचं मांडीचं हाड मोडलं. ती पुढे शेवटपर्यंत लंगडतच चालली. मला आठवते ती आजी काठीवालीच.

दवाखान्यात आबाजींनी निकाल देऊन टाकला, पोरानं साठच्या वर हाणली. काकांचं म्हणणं, चाळीसच्या वर नव्हतो. यावर अपील वगैरे काही झालं नाही. काकांनी त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. आजतागायत. एसटीने जातात, कुणाच्या गाडीवर मागे बसतात, पण चालवत नाहीत. गाडी नंतर आमचे तीर्थरूप चालवायचे, आणि तिला धुवायचे मात्र काका. अपघाताबद्दल विचारलं की एकच वाक्य: "मागून फिरली."

मी हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. यावेळी पहिल्यांदा ते नीट ऐकलं, कारण टायर शोधता शोधता ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा इतिहास वाचत बसलो होतो.

आधी गाडीबद्दल. फियाटने ११०० ही गाडी नव्या रूपात १९५३ मध्ये युरोपात आणली. आपल्याकडे ती वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायला लागली. १९६४ मध्ये इथे ११०० डी आली, तिचं नाव डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. नावं बदलली, गाडी तीच. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत हिच्या बहिणीला, ११०० आर ला, १९६६ मध्येच पुढे डिस्क ब्रेक मिळाले आणि १९६९ मध्ये तिची जागा फियाट १२८ ने घेतली. आपल्याकडे मात्र १९६४ ची गाडी शतक संपेपर्यंत चालली. मुंबईत टॅक्सी म्हणून तर ऑक्टोबर २०२३ पर्यंत. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी फेसबुकवर अश्रू ढाळले. त्यातल्या किती जणांनी ती पावसात चालवली होती, हा प्रश्न आहेच.

ड्रम ब्रेकची गंमत अशी की नाल्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे दोन-चार ब्रेक नुसते नावाला लागतात. म्हणून जुने ड्रायव्हर नाला ओलांडला की गाडी हळू चालवत पेडल हलकंसं दाबून ठेवायचे. ब्रेक वाळवायचे. हे मॅन्युअलमध्ये वाचून कुणी शिकलं नाही, एकाचं बघून दुसरा शिकला.

आता टायर. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी सव्वापाच इंचांच्या आसपास आणि चाक चौदा इंची. आजच्या साध्या हॅचबॅकच्या टायरपुढे तो स्कूटरचा वाटतो. गाडी साधारण नऊशे किलो, त्यात तीन माणसं आणि सामान. एका चाकावर पावणेतीनशे-तीनशे किलो आले. टायरमधला दाब २४ पीएसआय धरला तर एक टायर रस्त्याला जेवढा टेकतो ती जागा पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी भरते. अशी चार पोस्टकार्डं. गाडी वळते, थांबते, बाभळीत जात नाही, ती या चार पोस्टकार्डांच्या जिवावर.

सुरुवातीच्या मोटारींचे टायर चक्क गुळगुळीत होते. नक्षी असलेला मोटारीचा टायर कॉन्टिनेंटलने १९०४ मध्ये आणला. फायरस्टोनने १९०८ मध्ये तर टायरवर नक्षी म्हणून 'फायरस्टोन नॉन स्किड' ही अक्षरंच उठवली होती. चिखलातून गाडी गेली की मागे जाहिरात छापली जायची. मार्केटिंगवाल्यांनी तेव्हापासून प्रगती केली आहे असं म्हणवत नाही.

पण पाण्यात टायर नेमका का सुटतो याचा हिशेब लागायला बराच वेळ लागला, आणि तो लावला विमानवाल्यांनी. जेट विमानं ओल्या धावपट्टीवर उतरताना ब्रेक लावूनही सरळ पुढे जायला लागली. मग नासाच्या लँगली केंद्रातल्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये एक अहवाल लिहिला. पाण्याचा थर पुरेसा जाड आणि वेग पुरेसा असला की टायरला पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही, तो पाण्यावर चढतो आणि तरंगतो. ॲक्वाप्लेनिंग म्हणतात ते हेच. त्यांचं सूत्र इतकं सोपं आहे की शाळेतल्या पोरालाही करता यावं. टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, की ज्या वेगाला टायर तरंगेल तो ताशी मैलांत मिळतो. टायरचा आकार किंवा गाडीचं वजन यातलं काहीच त्यात नाही, फक्त दाब.

पद्मिनीचे २४ पीएसआय घातले तर उत्तर येतं ताशी ८० किलोमीटरच्या किंचित वर. हवा कमी होऊन १६ वर आली असेल तर ६६-६७. म्हणजे मारेगाव-वणी रस्त्यावर, १९९५ च्या खड्ड्यांत, मागे आजी बसलेली असताना, काकाच काय पण आबाजींच्या आरोपातले काकासुद्धा त्या वेगाला पोचत नाहीत. शिवाय पावसाला दहा मिनिटं झालेली, रस्त्यावर तरंगण्याइतकं पाणी कुठून येणार? तर पाणी निर्दोष. ही फाइल बंद.

मग उरली माती.

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरलेली असते. हिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ पापुद्र्यांचे असतात, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याच्या कडा तुटतात, मधला भाग लाटांसारखा होतो. आमच्या भागातल्या प्रत्येक रस्त्याची ही रड आहे आणि त्याचं खापर दरवेळी ठेकेदारावर फुटतं. (बहुतेक वेळा बरोबरच फुटतं, पण मातीचाही वाटा आहे.)

१९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी भारतातल्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही उतरंड तिथली. नागपूर प्लॅन म्हणून सिव्हिलवाले अजून शिकतात. कागदावर ही उतरंड छान दिसते. प्रत्यक्षात तिच्या पायथ्याशी पांदण असते, म्हणजे वावरात जायची मातीची वाट, आणि ती थेट येऊन डांबरी रस्त्याला मिळते. पांदणीतून बंडी किंवा ट्रॅक्टर वर आला की चाकाला चिकटलेला गारा पुढच्या शंभर-दोनशे मीटर डांबरावर वाटत जातो. उन्हात तो वाळून धूळ होतो. आठवडाभराच्या उघडिपीत अशी धूळ साठते, तिच्यात गळलेलं तेल आणि टायरची झीज मिसळते. मग पाऊस येतो. जोरात आणि बराच वेळ आला तर सगळं धुऊन नेतो, रस्ता त्यातल्या त्यात बरा होतो. पण पहिल्या काही मिनिटांत त्या सगळ्याचा लेप होतो. साबणासारखा. ओल्या रस्त्यावर सगळ्यात वाईट वेळ हीच, आणि ही गोष्ट जगात सगळीकडे खरी आहे. आमच्याकडे फक्त साबण जरा उच्च प्रतीचा.

आता आकडे. रस्ता नंतर रुंद झाला, ते वळण सरळ केलं, पण जुना तुकडा अजून बाजूला बाभळीत पडून आहे आणि गूगल मॅप्सवर वरून दिसतो. मी त्याची त्रिज्या मोजली. साठेक मीटर आली (चू. भू. द्या. घ्या.). वळणावर गाडी धरून राहील असा जास्तीत जास्त वेग म्हणजे घर्षणांक, गुरुत्वाकर्षण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. अकरावीचं भौतिकशास्त्र. नुसत्या ओल्या डांबरावर घर्षणांक ०.६ धरला तर उत्तर ताशी ६७ किलोमीटर. मातीच्या लेपावर ०.२ धरला तर ३९.

३९!

हा आकडा आला तेव्हा मी शेडमध्ये एकटाच होतो, कुणाला सांगणार... काकांचे चाळीस आणि आबाजींचे साठ यांच्यावर तीस वर्षं भांडण, आणि त्या दिवशी त्या लेपावर चाळीसही जास्तच होते. साठने गेले असते तर ते नाल्यात सापडले असते. ब्रेकचंही तेच. ५० च्या वेगात ओल्या स्वच्छ डांबरावर गाडी साधारण १६ मीटरमध्ये थांबते, लेपावर तिला ४९ मीटर लागतात. आणि ही अंतरं पाय ब्रेकवर पडल्यानंतरची.

इथे थांबलो असतो तर लेख झाला असता. पण काकांचं "मागून फिरली" मनात अडकलं होतं. कारण माझ्या हिशेबात चारही चाकं एकसारखी धरली आहेत. तशी ती असती तर गाडी आधी कुठून सुटली असती? पुढून सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते आणि नाक पुढे ठेवून खड्ड्यात पडते. मागून सुटली तर गोल फिरते. इंजिन पुढे असलेली, पुढून जड गाडी वळणावर एकसारख्या वेगात असेल तर बरेचदा पुढून सुटते. मागून फिरायला काहीतरी निमित्त लागतं. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला, किंवा गिअर खाली टाकला, तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि फिरतात. काकांनी घाबरून ब्रेक दाबला असू शकतो. चोवीसचे होते. ते स्वतःही नाही म्हणत नाहीत.

दुसरं निमित्त टायर.

रबर ओल्यात का धरतं याचं उत्तर १९५० च्या दशकाच्या शेवटी केंब्रिजला डेव्हिड टेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. कोरड्यात रबर रस्त्याला चिकटतं. पाण्याने ते चिकटणं जवळपास जातं. पण रस्त्यावरच्या खडीच्या टोकांवरून जाताना रबर दबतं आणि पुन्हा फुगतं, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. जी परत देत नाही तीच आपली पकड. म्हणजे ज्या रबराचा चेंडू चांगला उसळतो ते रबर पावसात वाईट, आणि ज्याचा चेंडू थप्पकन पडून राहतो ते चांगलं. त्यानंतर तसं आळशी रबर टायरवाल्यांनी मुद्दाम बनवायला घेतलं. पण ते लवकर झिजतं. ज्याला पैसे वाचवायचेत त्याला कडक, टिकाऊ रबर हवं असतं.

आणि आपल्याकडे पैसे सगळ्यांनाच वाचवायचे होते. मिशेलिनने रेडियल टायर १९४० च्या दशकातच बाजारात आणला होता. भारतात मोटारीचा रेडियल बनायला १९७७ उजाडलं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं लहान गावात जुन्या बांधणीचा नायलॉन टायरच मिळायचा. तो झिजला की फेकायचा नाही, रिमोल्ड करायचा. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवून पुन्हा भट्टीत. रिमोल्डला नावं ठेवायचं कारण नाही, विमानांचे टायरही पुन्हा पुन्हा असेच चढवतात आणि आपल्या एसटीचे तर स्वतःचे कारखाने आहेत. प्रश्न कोणतं रबर चढवलं आणि तो टायर कुठे लावला हा असतो.

रविवारी सकाळी आबाजींची हिशेबाची वही काढली. आबाजींचं कृषी केंद्र होतं आणि त्यांनी आयुष्यभर खताच्या पोत्यापासून दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळं लिहून ठेवलं. गाडीला वेगळी पानं. जून १९९५ च्या पानावर एक ओळ आहे: "टायर नवे २ पुढे. रिमोल्ड २ मागे. वणी."

अपघाताच्या बरोबर एक महिना आधी.

तेव्हा सगळेच असं करायचे. पुढचं टायर फुटलं तर गाडी हातातून जाते, म्हणून नवे पुढे आणि जुने मागे हा अजूनही अर्ध्या मेकॅनिक लोकांचा नियम आहे. पण ओल्या रस्त्यावर त्याचा अर्थ असा होतो की पुढची दोन पोस्टकार्डं वळण पकडतात आणि मागची दोन सोडून देतात. गाडी फिरते. म्हणूनच टायरवाल्या कंपन्या आज सांगतात की दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीसुद्धा. आणि ओल्यात टायरने किमान किती धरलं पाहिजे याचं बंधन भारतात आलं ते २०२२ च्या अधिसूचनेने. १९९५ मध्ये आबाजींना हे कुणी सांगायला नव्हतं. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे काळजीच घेतली होती.

यातून काका निर्दोष सुटतात का? माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, पूर्ण नाही. ०.२ हा मी धरलेला आकडा आहे, त्या दिवशी तो ०.२५ असेल किंवा ०.१५. रिमोल्डचं रबर कसं होतं ते आता तपासता येत नाही. चाळीसऐवजी तीसने गेले असते तर चारही टायर टिकले असते. पण प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आपण ज्याच्या हातात कीबोर्ड होता त्याला धरतो, आणि महिनाभर आधी कॉन्फिग कुणी बदलली ते लॉगमध्ये शोधतच नाही, तसं काहीसं इथे झालं होतं एवढं नक्की.

वही घेऊन मी ओसरीवर काकांकडे गेलो. ते पेपर वाचत होते. मी ती ओळ दाखवली आणि उत्साहात सगळं सांगायला लागलो, हॉर्नचं सूत्र, त्रिज्या, मागची पोस्टकार्डं. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले,

"मले माहीत होतं ना बाप्पा. ते टायर वणीले मीच घेऊन गेलो होतो."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"बोललो असतो तं तुह्या आजीनं त्यायले सोडलं असतं का?"

आणि पुन्हा पेपर वर.

मी तिथेच बसून राहिलो. आबाजी जाऊन अकरा वर्षं झाली, आजी त्यांच्याआधीच गेली. ओळीखाली आबाजींचीच एक बारीक रेघ आहे, निळ्या शाईची, बाकीचं पान काळ्या शाईत. बाकी कुठल्याही ओळीखाली तशी रेघ नाही. ती कधी मारली ते कळायला मार्ग नाही, आणि मी काकांना ती दाखवली नाही. दाखवायला हवी होती का, यावर परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर विचार करत होतो.

टायरचं म्हणाल तर चारही नवे, चारही एकाच जातीचे आणि एकाच बॅचचे घ्यायचं ठरलंय. रेडियल घालायचे की मूळ बांधणीचे शोधायचे हे अजून ठरत नाहीये. रेडियल ओल्यात जास्त धरतात, पण सुटले की झटकन सुटतात, आणि हे सस्पेन्शन त्यांच्यासाठी बनलेलं नाही. जुने टायर आधी कुरकुरतात, सरकतात, सांगून सुटतात. माझा कल रेडियलकडे आहे. निघताना काकांना विचारलं तर म्हणाले, "कोनतेही घाल, पन मिरगाच्या पह्यल्या पान्यात काढू नको," आणि शेडमध्ये जाऊन स्टेपनीतली हवा बघायला लागले.